शेपट्यांवर ठोकलेला पत्रा

समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला शेपटीबाई हे नाव मी दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की आता पोस्टमनसुद्धा जिन्यात विचारतो, शेपटीबाई कुठल्या मजल्यावर. इमारतीतल्या निम्म्या लोकांना मी नावं दिलेली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना ती अजून कळलेली नाहीत, म्हणून आमचे संबंध उत्तम आहेत. पण गमतीने नाव देणं वेगळं आणि एखाद्याचं नाव खराब करणं वेगळं. हे दुसरं काम कालव्याच्या कचेरीने केलं, भरदिवसा, चार लोकांदेखत, आणि स्वतःच्या अंगावर एक शिंतोडा उडू दिला नाही. तेव्हापासून घरात माझं दुसरं बोलणंच नाही. बायको म्हणते, लिहून टाका एकदाचं, निदान जेवताना तरी तेच तेच ऐकवणार नाहीत. म्हणून लिहितो.

शेपटीबाई इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते. लग्न होऊन आमच्या मजल्यावर आली तेव्हापासून मी तिला अगं-तूगं करतो. ती मला दादा म्हणते आणि घरातल्या थोरल्या दादाला मिळतो तेवढाच मान देते, म्हणजे जवळजवळ नाहीच. घरकामात तिचा हात म्हणजे आनंदच आहे. गॅसवर दूध ठेवून ती खिडकीत उभी राहते आणि बाहेरच्या झाडाची पानं कशी हलतात ते बघते. दूध उतू गेल्याचं आम्हाला वासावरून आधी कळतं, तिला नंतर. नवरा स्वभावाने गरीब. त्याला रेडिओ मोठ्याने लागतो, बाकी काही लागत नाही.

एकदा ती डबा विसरली. नवरा सामन्याचं वर्णन सोडून उठेना, तेव्हा मीच तो घेऊन तिच्या कॉलेजात गेलो. कॅन्टीनच्या मागे, सायकलींच्या छपराला लागून तिची प्रयोगशाळा. आत एक काचेच्या भिंतींची लांबलचक नाली. पंपाने पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावतं आणि खालून वळसा घेऊन परत येतं. मध्यावर एक पाइपाचा तुकडा उभा. बाईने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, दादा, इथे उभे राहा, आणि पाण्यात शाई सोडली. शाई सरळ रेषेत आली, पाइपापाशी दुभंगली आणि मागे गेल्यावर तिची वेणी झाली. एक भोवरा डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी डबा हातात धरून बघतच राहिलो.

तिने समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. गोल खांब वाहत्या पाण्यात उभा केला की पाणी दोन्ही अंगांनी वळसा घालतं, पण मागे नीट मिळत नाही. भोवरे आळीपाळीने सुटतात, आणि सुटता सुटता प्रत्येक जण खांबाला आपल्या बाजूला एक हिसका देतो. त्या हिसक्यांचा ठेका आणि खांबाच्या स्वतःच्या डुलण्याचा ठेका जुळला की खांब नाचायला लागतो. मी म्हटलं, म्हणजे घरातल्या दोन जावा, एक इकडून ओढते, एक तिकडून, आणि मध्ये सासूबाई डुलतात. ती हसली. मग तिने पाइपाच्या मागच्या अंगाला रबराची एक मऊ पट्टी लावली, शेपटीसारखी. पट्टी पाण्यात माशासारखी वळवळू लागली, पण भोवरे लांब गेले, सुस्तावले, आणि पाइप गप्प उभा राहिला. मी म्हटलं, जावांच्या मध्ये आत्याबाईंना बसवलंस. म्हणाली, बसवल्या, पण मऊ आत्याबाई लागतात. कडक आत्याबाई बसवल्या तर आणखी भडका उडतो. आधी तिने कडक पट्टी लावून बघितली होती. तेव्हा पाइप असा काही झोके खाऊ लागला की नालीची काच तडकली आणि बघायला आलेल्या प्राचार्यांचे बूट भिजले. ते पुढे बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्याच सुमाराला आमच्या गच्चीवरचा अँटेनाचा उंच पाइप वाऱ्यात घुमायचा. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणायचे, डोक्यावर कोणीतरी बाटलीत फुंकर मारत बसलंय. बाई गच्चीवर गेली. वारा काय, कुठूनही येतो, म्हणून पाइपाला सगळीकडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या. आवाज बंद झाला. पेन्शनरांना झोप लागायला लागली, आणि नीट झोप मिळालेल्या माणसाला तक्रारी सुचतात, तसं त्यांनी सोसायटीच्या बैठकीत विचारलं, गच्चीवर त्या नाड्या कोणी वाळत घातल्यात, इमारतीची शोभा जाते. आभाराचा एक शब्द नाही. त्याच बैठकीत मी तिचं बारसं केलं.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. आई कालव्याच्या पलीकडे राहते, एकटी, स्वतःच्या दोन खोल्यांत. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. रोज संध्याकाळी काठी टेकत पुलावरून इकडे येते, लेकीकडे चहा घेते, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवते, जावयाचा रेडिओ बंद करते आणि दिवे लागायच्या आत परत जाते. जावई तिला पुलाच्या पलीकडे पोचवून येतो आणि आल्यावर रेडिओ पुन्हा लावतो. डॉक्टरांनी सांगितलेलं, रोज कोणाच्या तरी नजरेखाली असायला हव्या, नाहीतर एकटं ठेवू नका. म्हणजे पूल आहे तोवर आईचं घर आहे. पूल गेला तर मोठ्या रस्त्याच्या पुलावरून लांबचा फेरा, तो तिच्याने चालवत नाही, आणि रोज गाडी करून कोण आणणार. मग तिने लेकीकडे राहायला यायचं. आणि त्या दोघी एका घरात राहणं म्हणजे काय, ते आमच्या मजल्याने एका पावसाळ्यात, आईचा पाय मुरगळला होता तेव्हा, भिंतीतून ऐकलेलं आहे. पातेलं कुठल्या खिळ्याला टांगायचं यावरून सुरुवात व्हायची आणि बाईने शाळेत असताना कोणता निबंध अर्धवट सोडला होता तिथवर जायची. लांब राहिल्या की एकमेकींवर जीव टाकतात. जवळ आल्या की एकमेकींचा जीव घेतात.

तर पूल. अरुंद, लोखंडी, माणसांपुरता, गोल लोखंडी पायांवर उभा. कालव्याची दारं पुरी उघडली आणि पाण्याने वेग घेतला की तो थरथरायचा. दातात कळ यावी तशी बारीक थरथर तळपायातून वर चढायची. कचेरीने ठरवलं, पूल कमकुवत आहे, पाडायचा. नवा कधी? तो योजनेत आहे. योजनेत असलेल्या गोष्टी किती सुरक्षित असतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांना कोणी हातही लावत नाही.

बाई कालव्याकाठी आईची छत्री घेऊन बसायला लागली. पाणी मोजायची, थरथर मोजायची. मग नालीत पुलाचा छोटा पाय उभा करून नाना तऱ्हेच्या शेपट्या लावून बघितल्या. ट्यूबची पट्टी फार लुळी पडली, कारखान्यातल्या जाड पट्ट्याची फार ताठ. शेवटी मधलं एक रबर सापडलं. ते घेऊन ती कचेरीत गेली. तिथले साहेब म्हणजे वाईट माणूस नाही. तिच्याच कॉलेजात शिकलेले, तिला मॅडम म्हणणारे, खुर्ची देणारे. फक्त ज्यावर सही करावी लागते अशा कुठल्याही गोष्टीची त्यांना भीती वाटते. खासगी व्यक्तीला सरकारी बांधकामाला हात लावता येत नाही म्हणाले. मग म्हणाले, पण करून बघायला हरकत नाही. मग म्हणाले, मी काही बोललो नाही. एवढ्या परवानगीवर बाईने, वर्षातून एकदा सफाईसाठी कालवा कोरडा करतात तेव्हा, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला घेऊन प्रत्येक पायाला मागच्या अंगाने, पाण्याची पातळी येते त्याच्या खाली, एकेक शेपटी पट्ट्या आवळून बसवली.

पाणी सुटलं. दारं पुरी उघडली. आई पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, काठी बाजूला धरली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे काठावर. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाली, "हलत नाहीये. आता हिने हे आधीच का नाही केलं, ते विचारा."

कचेरीने पूल पाडायचं पुढे ढकललं. एक वर्ष सगळं सुरळीत चाललं. शेपट्या पाण्याखाली, कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे कोणाला आठवतही नाहीत.

आणि मग मोठे साहेब पाहणीला येणार अशी बातमी आली.

मोठे साहेब येणार म्हटल्यावर कचेरी काय करते? रंग देते. कशाला ते विचारायचं नाही. फुटपाथच्या कडेचे दगड, झाडांचे बुंधे, नळाची तोटी, कुंपणावरची वेल चुकून मध्ये आली तर वेलसुद्धा. काठावर बसायचा एक बाक होता, त्यावर बसलेल्या माणसाला उठवून बाक रंगवला आणि तो माणूस पुन्हा बसला, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. कालवा सफाईसाठी कोरडाच होता. रंगाऱ्याने पूल वरून खाली रंगवत आणला आणि पायांशी आल्यावर त्याला शेपट्या दिसल्या. कोरड्यात त्या लोंबत होत्या, तुटक्या चपलेच्या अंगठ्यासारख्या. साहेबांनी वरून बघितलं आणि म्हणाले, हे असं मोठ्या साहेबांच्या नजरेला पडता कामा नये, नीटनेटकं करा.

रंगारी म्हणजे हौशी माणूस. त्याने रबराला ऑइलपेंटचा हात दिला. रंग सोलून निघाला. पुन्हा हात दिला, पुन्हा निघाला. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. याने प्रत्येक शेपटीला दोन्ही बाजूंनी पत्रा लावला, स्क्रूने घट्ट आवळला, आणि पत्र्यावर झकास रंग दिला. शेपट्या सरळ, ताठ, चकचकीत, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या. बाई तेव्हा परीक्षांच्या कामात होती. कालव्याकडे फिरकली नाही. तिला वाटत होतं, रबराच्या शेपटीला रंग कोण देणार. एवढी शिकलेली बाई, पण आपल्या कचेऱ्या तिला कळल्या नव्हत्या.

पाहणीच्या दिवशी पाणी सोडलं, दारं पुरी उघडली, कालव्याचा रुबाब दिसायला पाहिजे ना. मोठे साहेब, आपले साहेब आणि मागे लवाजमा पुलावर चढले. आई अलीकडे, आमच्या बाजूला, लेकीचं कौतुक होणार म्हणून ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. पूल थरथरला नाही. पूल झुलला. सावकाश, मोठ्या फेकीने, या काठाकडून त्या काठाकडे, झोपाळा एका लयीत जातो तसा. मोठ्या साहेबांनी कठडा पकडला, त्यांचा गॉगल कालव्यात पडला, लवाजम्यातला एक जण आपल्या साहेबांच्या गळ्यात पडला. बाई माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा पांढरा झाला. हळूच म्हणाली, ताठ झाल्यात. मला वाटलं, माणसांबद्दल बोलतेय.

त्याच दुपारी पूल बंद झाला. कारण काय दिलं? "एका खासगी व्यक्तीने विनापरवाना लावलेल्या शेपट्यांमुळे पुलाला धोका निर्माण झाला." विनापरवाना! खुर्ची देऊन, मॅडम म्हणून, मी काही बोललो नाही असं बोलून झाल्यावर विनापरवाना. पेपरात तसंच आलं. कॉलेजात प्राचार्यांनी तिला बोलावून विचारलं की बाई, बूट भिजवलेत तेवढं पुरलं नव्हतं का. सोसायटीच्या बैठकीत पेन्शनरांनी गच्चीवरच्या नाड्याही काढाव्यात अशी सूचना मांडली, आणि ती मांडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मी त्यांना एक नवं नाव दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि आई अलीकडे अडकली. लेकीने तिला घरी आणलं, तात्पुरतं. कालवा पुन्हा कोरडा करायला घेतला, कारण पूल पाडायची माणसं यायची होती. इकडे घरात पहिल्या दिवशी दोघी फार प्रेमाने वागल्या, आम्हाला काळजीच वाटली. मग पातेल्याचा खिळा निघाला. मग आईने लेकीचं कपाट लावलं. मग लेकीने ते पुन्हा बिघडवलं. जावई रेडिओ घेऊन आमच्याकडे येऊन बसायला लागला, आवाज बारीक करून, म्हणजे बघा. भिंतीतून एकदा आईचा आवाज आला की तुझ्यामुळेच माझं घर गेलं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात उभी. कालव्यात उतरून बघून आली होती, चपला चिखलाने भरलेल्या. तिने सांगितलं, पत्रा ठोकलाय. शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणामुळे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, चल कचेरीत. आई म्हणाली, मी येणार. तिला कोण नाही म्हणणार?

कचेरीत साहेब, आणि नशिबाने रंगारीही तिथेच होता, नव्या कामाची विचारपूस करायला आलेला. बाईने विचारलं, पत्रा कोणी लावला. मला वाटलं आता सगळे एकमेकांकडे बघणार. पण रंगारी छाती पुढे काढून म्हणाला, "मी लावला. रबरावर रंग धरत नाही हो मॅडम. पत्रा माझ्या पदरचा. कोणी सांगितलं नव्हतं."

"शेपटी मऊ आहे म्हणून ती शेपटी आहे," बाई म्हणाली. "पत्रा ठोकल्यावर तिचं वल्हं होतं. तुम्ही पुलाच्या प्रत्येक पायाला एकेक वल्हं बांधलंत, आणि पाण्याने ते मारलं."

रंगाऱ्याचं तोंड उतरलं. साहेबांनी फाइल उघडली, बंद केली. म्हणाले, तांत्रिक बाजू असेलही, पण आदेश निघालाय, पुन्हा चाचणी घ्यायची तर कारण दाखवावं लागेल, आणि कारण दाखवलं तर आधीच्या अहवालात चूक होती असं निघेल. बाई मग भोवऱ्यांबद्दल बोलली, ठेक्याबद्दल बोलली, नालीतल्या तडकलेल्या काचेबद्दलसुद्धा बोलली. साहेब मान डोलवत होते. सगळं कळत होतं त्यांना, तेच शिकलेत ते. कळूनही बसून होते, हे बघून मला माझी जागा सोडून त्यांच्या टेबलावर चढावंसं वाटलं. मी तसं सांगितलंही. बाईने माझी बाही ओढली.

मग आई बोलली. काठीवर दोन्ही हात ठेवून, आवाज न चढवता.

"साहेब, मला ते भोवरे कळत नाहीत. मला एवढंच कळतं की मी सध्या हिच्या घरी राहते. काल मी हिला नको ते बोलले. उद्या याहून वाईट बोलेन, मला माहिती आहे, माझा स्वभाव आहे. मला माझ्या मुलीवर माया करायची आहे. आणि ती मला कालव्याच्या त्या बाजूनेच जमते. तुम्ही तो पूल पाडलात तर आमचं दोघींचं काय उरेल, ते तुम्हीच सांगा."

बाई खिडकीबाहेर बघत होती, झाडाच्या पानांकडे नव्हे, नुसतीच. साहेबांच्या घरीही आई आहे आणि बायको आहे, हे शहरात कोणाला माहीत नाही असं नाही. त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांना एकदम एक वाट सुचली, जी कुठल्याही अहवालाला धक्का लावत नव्हती. म्हणाले, पूल पाडताना पत्रा वेगळा काढावाच लागणार, लोखंड वेगळं मोजायचं असतं; तो आधीच काढून घेतला तर नियमात बसतं. आणि पत्रा काढल्यावर कालव्याची दारं तपासायला पाणी सोडावं लागलं, तर तो आमचा नेहमीचा भाग आहे. मी पुन्हा काही बोललो नाही, हेही त्यांनी जोडलं.

पत्रा रंगाऱ्यानेच काढला. चिखलात उभा राहून एकेक स्क्रू सोडवत होता आणि प्रत्येक पत्र्यावरच्या रंगावरून बोट फिरवून बाजूला ठेवत होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी त्याला चहा पाजला. खाली रबर जसं होतं तसंच होतं, फक्त स्क्रूची भोकं पडलेली. बाईने ती बोटांनी चाचपली आणि म्हणाली, चालेल.

पाणी सुटलं. दारं पुरी उघडली. या वेळी साहेब स्वतः पुलावर गेले, एकटे. मधोमध थांबले, पाय आपटून बघितले, कठडा हलवून बघितला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा निवला होता. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते गाडीत बसले.

पूल उघडला. पाडायचा आदेश पुन्हा पुढे ढकलला गेला. आणि मग, हा माझ्या रागाचा खरा भाग, कचेरीने पुलाच्या तोंडाशी एक रंगवलेली फळी ठोकली. मी तिथे उभा राहून ती तीनदा वाचली, कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही. फळीवर लिहिलंय की खासगी व्यक्तीने लावलेले सदोष जोड विभागाने तातडीने काढून टाकल्यामुळे पूल आता सुरक्षित आहे. म्हणजे पत्रा तिचा झाला. ज्याला तिने हात लावला नाही तो पत्रा तिच्या नावावर, आणि ज्या शेपट्या पाण्याखाली रात्रंदिवस वळवळत पूल धरून आहेत, त्या कोणाच्याच नाहीत. विभागाच्या कर्तबगारीने पूल उभा आहे. प्राचार्यांनी ती फळी वाचली. पेन्शनरांनी वाचली. कॉलेजातली पोरं तिथे उभं राहून फोटो काढतात.

मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, पेपरात लिहू, वकील करू, मोठ्या साहेबांकडे जाऊ, त्यांचा गॉगलही शोधून देऊ. ती दूध तापवत होती आणि या वेळी दुधाकडेच बघत होती.

"नको, दादा," ती म्हणाली. "त्या शेपट्या अजून तिथे आहेत, माझ्या आहेत, हे त्यांना आत्ता आठवत नाहीये. आठवलं, की पुढच्या पाहणीला पुन्हा रंगवतील."

एखाद्या माणसाचं काम नीट चालावं म्हणून त्याचं नाव बुडालेलं राहायला लागतं, हे ऐकून गप्प बसणारा मी नव्हे, आणि तरी मी बसलो. फक्त त्या दिवशी माझ्या बायकोने मला विचारलं की जेवताना इतके शांत का आहात, आणि मी ताट बाजूला सारलं.

आई तिच्या घरी गेली. पुन्हा रोज संध्याकाळी येते, स्वयंपाकाला नावं ठेवते, रेडिओ बंद करते. आणि येता जाता त्या फळीसमोर थांबून काठीने तिला एक सणसणीत ठोका देते. एकदा बघितलं तर फळीचा रंग कोपऱ्यातून निघाला होता. लगेच रंगारी आला, डबा घेऊन, कचेरीने पाठवलेला. तो खाली बसून कोपरा भरत असताना आई तिथेच पोचली. त्याने तिला ओळखलं, उठून उभा राहिला आणि फार अदबीने विचारलं की आजी, आलोच आहे तर पुलाच्या पायांनाही एक हात देऊ का, बराच रंग उरलाय.

आईने काठी त्याच्या डब्यावर ठेवली.

"तू फळी रंगव, बाबा," ती म्हणाली. "तीच रंगव. खाली बघूसुद्धा नकोस."